येणे : वरीलप्रमाणे

जळगाव ते गोंदिया हवाई अंतर चारशे सत्त्याऐंशी किलोमीटर. जायला अठ्ठावन्न मिनिटं. यायला किती, हे सरकारने तीन वर्षांत एकदाही मोजलं नाही. मी मोजलं, आणि त्यावरून आमच्या घरात जो भडका उडाला तो अजून धुमसतोय. म्हणून क्रमाने सांगते. वाचताना कुणी मला उद्धट म्हणेल. म्हणा. छाया आत्या दिवसातून चार वेळा म्हणते, मला काही होत नाही.

मी ओजस्वी झोपे, दहावी 'ब'. आडनावावरचे सगळे विनोद पाचवीतच करून झालेत, कष्ट घेऊ नका. दिवाळीआधी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले. त्याआधी हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज फुटत नसे. आता तो थांबत नाही, असं आत्याचं म्हणणं.

पप्पा, म्हणजे भूषण झोपे सर, जळगावजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतात. मम्मी, लीना मॅडम, गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात शिकवते. तिच्या शाळेपासून पुढे गेलं की छत्तीसगड लागतं. आणि तरीही सरकारदरबारी आम्ही 'एकत्र' आहोत. तसं प्रमाणपत्रच आहे. 'सदर शिक्षक दांपत्य एकत्र आहे' असं ठसठशीत अक्षरात, खाली गोल शिक्का. पप्पांनी ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. म्हणजे मम्मी घरात नाही, पण ती घरात आहे याचा कागद भिंतीवर आहे.

हे कसं झालं ते कळायला थोडं विज्ञान लागेल. घाबरू नका, मला समजावता येतं.

पूर्वी नियम साधा होता. नवरा-बायको दोघं शिक्षक असतील तर त्यांच्या शाळांमध्ये तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर नको. मग पाकोळी आली. पाकोळी म्हणजे एकोणीस सीटांचं, विजेवर चालणारं विमान. विजेच्या विमानाची अडचण अशी की बॅटरी जड असते आणि इंधन जळून टाकी हलकी होते तशी ती वाटेत हलकी होत नाही. त्यामुळे अशी विमानं आधी थोडं उडून खाली यायची. पाकोळीची करामत तिच्या नाकात आहे. तिथे एक लेझर आहे. तो पुढच्या हवेत प्रकाश फेकत राहतो, हवेतल्या धुळीच्या बारीक कणांवरून तो प्रकाश परत येतो, आणि परत येताना त्याच्यात जो किंचित फरक पडतो त्यावरून कळतं की चाळीस किलोमीटर पुढे कुठल्या उंचीवर वारा कुठे चाललाय आणि किती जोरात. आपल्याला वारा लागतो. पाकोळीला तो दिसतो. मग ती आपल्या सोयीचा वारा हेरून त्याच्या पाठीवर बसते आणि बॅटरी वाचवते.

एवढी सोय झाल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं, की अंतर किलोमीटरमध्ये कशाला मोजायचं? मिनिटांत मोजू! नवा नियम निघाला : ज्या दोन विमानतळांमधलं उड्डाण दोन्ही दिशांना साठ मिनिटांच्या आत होतं, त्या दोन जिल्ह्यांतलं दांपत्य 'एकत्र' समजावं. महिन्यातून दोनदा जायचा-यायचा पास फुकट. विमानतळापर्यंत पोचायला लागणारे दोन तास कुणी धरायचे? कुणीच नाही. चाकं जमिनीवरून उचलली की घड्याळ सुरू, टेकली की बंद.

अशी तीन वर्षांपूर्वी मम्मी गेली. मी बारा वर्षांची होते.

मम्मी एक आड एक शनिवारी यायची. जानेवारीतल्या अशाच एका शनिवारी ती दारात चपला काढत होती, तेवढ्यात आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, "आली का पाहुणी? ताट वाढू का आधी ओवाळू?"

"ओवाळा," मम्मी म्हणाली. "हातासरशी तोंड पण गोड करा, सवय नाही तुम्हाला."

"बघ भूषण, बघ! विमानातून आली म्हणून जमिनीवर पाय नाहीत हिचे."

पप्पा पेपर वाचत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. हळूच म्हणाले, "विमान एक पन्नासला उतरलं. आता तीन दहा झालेत."

"रिक्षा मिळाली नाही लवकर."

"रांग होती का?"

"होती."

"किती जण होते रांगेत?"

मम्मी चपला कोपऱ्यात सरळ लावत राहिली. मला वाटलं, बिचारे पप्पा, किती वाट बघतात. मिनिटं मोजतात तिच्यासाठी. आणि ही साधं उत्तरही देत नाही! मला तिचा असा राग आला की मी भरीत-भाकरीचं ताट तसंच ठेवून उठले.

"ए, बस खाली," मम्मी म्हणाली.

"तू आहेस दोन दिवस. तू बस."

ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, ती परत गेल्यावर मी हिशेब मांडला. मम्मी उतरली की लगेच मला मेसेज करते, आणि निघताना दार बंद झालं की करते. तीन वर्षांचे मेसेज माझ्या फोनमध्ये होते. मी वहीत दोन रकाने आखले. हिवाळ्यातल्या फेऱ्या अशा. जळगावहून गोंदियाला जाताना : साठ, अठ्ठावन्न, एकोणसाठ. गोंदियाहून जळगावला येताना : पंच्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. मी दोनदा तपासलं. मग हसायलाच लागले.

ज्याने सायकल चालवलीय त्याला हे कळेल. मी क्लासला जाते तेव्हा वारा पाठीवर असतो, येताना छातीवर. हिवाळ्यात आपल्याकडे सात-आठ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. पाकोळीचा स्वतःचा वेग ताशी चारशे. गोंदियाला जाताना त्यात शंभर मिळाले, पाचशे. अठ्ठावन्न मिनिटं. येताना तेच शंभर वजा, उरले तीनशे. सत्त्याण्णव मिनिटं. वारा टाळायला खालून उडावं, तर खाली हवा दाट, कापायला जड. बॅटरी पुरवायची तर वेग उतरवावा लागतो. फिरून तेवढाच वेळ. आणि सगळ्यात मजा अशी, की वाराच नसता तर दोन्हीकडे त्र्याहत्तर मिनिटं लागली असती. म्हणजे वारा जाताना पंधरा मिनिटं देतो आणि येताना चोवीस काढून घेतो. फिट्टंफाट होतच नाही कधी!

मग सरकारच्या तक्त्यात साठच्या आत कसं बसलं? तो कागद सान्निध्य कक्षाच्या पोर्टलवर होता. सान्निध्य कक्ष म्हणजे कोण कुणाबरोबर 'एकत्र' आहे हे ठरवणारं ऑफिस. चाचणी उड्डाणाचा फॉर्म, स्कॅन केलेला, तिरका. त्यावर बॉलपेनने लिहिलं होतं :

जाणे : ५८ मिनिटे.
येणे : वरीलप्रमाणे.

झालं! साहेब लोक गोंदियाला गेले, परत आले, पण परत येताना घड्याळ कुणी बघितलं नाही. प्रवासभत्त्याच्या फॉर्मवर येण्याच्या ओळीत आयुष्यभर जे लिहिलं तेच इथे लिहिलं. त्या एका शब्दावर माझी मम्मी तीन वर्षं छत्तीसगडच्या हद्दीवर बसली होती.

नियमाच्या शेवटी आक्षेपाचं कलम होतं. नवरा-बायकोपैकी एकाला आक्षेप घ्यायचा तर दुसऱ्याचीही सही हवी. पण चौदा वर्षांवरच्या अपत्याला एकट्याने घेता येतो. घराण्यात एकदाच. आक्षेप सिद्ध झाला तर जो नोकरीत कनिष्ठ असेल त्याची तीस दिवसांत ज्येष्ठ जोडीदाराच्या तालुक्यात बदली. मम्मी एका वर्षाने कनिष्ठ. म्हणजे ती घरी!

मी पप्पांना वही दाखवली. त्यांनी दोन्ही रकाने बोट फिरवत वाचले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"माझी वाघीण," ते म्हणाले. "भर अर्ज. मम्मीला आत्ता सांगू नको. सरप्राइज."

अर्ज भरायला मला अकरा मिनिटं लागली. सुनावणीची तारीख मिळाली फेब्रुवारीची.

पण मेसेज हा पुरावा नाही, उड्डाणाची अधिकृत नोंद हवी. ती प्रवाशाने मागितली तर वैमानिकाला द्यावीच लागते. म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी अपत्याच्या पासवर मीच गोंदियाला निघाले. मम्मीला म्हटलं, तुला भेटायला येते. जाताना अठ्ठावन्न. कुठे हलणं नाही, डुलणं नाही. खिडकीतून बघत मी भाषणाची तयारी करत होते.

विमानतळाच्या फाटकाबाहेर एक बाई हेल्मेट घालून विजेच्या मोटारसायकलवर बसली होती. मी तिच्या बाजूने पुढे निघून गेले.

"ओजू! इकडे!"

ती मम्मी होती. आमच्याकडे मम्मी स्कूटीला हात लावत नाही. पप्पा म्हणतात, लीना, तुझा बॅलन्स नाही, आणि ती रिक्षाने जाते. इथे ती मला मागे बसवून पन्नास किलोमीटर घेऊन गेली. ट्रकला ओव्हरटेक केलं. मध्ये एका टपरीवाल्याला तिने चालत्या गाडीवरून हात केला आणि तो म्हणाला, "मॅडम, उद्या मॅच आहे नं?" कसली मॅच? तर शाळेच्या मागे शिक्षक मिळून व्हॉलीबॉल खेळतात आणि ही त्यांची कॅप्टन.

खोलीवर पोचल्यावर तिने दोन ताटं घेतली आणि समोर बसून जेवायला लागली. गरम भात, वर तूप. घरी मी तिला कधी आमच्याबरोबर जेवताना बघितलं नव्हतं. ती आमच्यानंतर जेवते, उभ्याने. मला आनंद व्हायला हवा होता. मला चक्क फसवल्यासारखं वाटलं.

"तू इथे खूश आहेस," मी म्हणाले.

"हो."

हो! ना आढेवेढे, ना काही.

"आम्ही तिथे तुझ्या नावाने रडतो आणि तू इथे व्हॉलीबॉल खेळतेस?"

"कोण रडतं? तू रडतेस?"

"मी नाही रडत! मी काम करते! मी आक्षेप घेतलाय. पुढच्या बुधवारी सुनावणी आहे. तुझी बदली जळगावला होणार, एका महिन्यात. घे, सरप्राइज!"

तिच्या हातातला घास ताटात पडला. मला तिचा तसा चेहरा माहीत नव्हता.

"कुणी सांगितलं तुला हे करायला?"

"कुणी सांगावं लागतं का मला? माझं डोकं आहे."

"पप्पांना माहीत आहे?"

"हो. ते वाघीण म्हणाले मला."

"म्हणणारच," मम्मी म्हणाली, आणि अशी हसली की ते हसणं नव्हतंच. "त्यांना माझ्या सहीशिवाय जमत नव्हतं. तू मिळालीस."

"म्हणजे काय?"

"बदलीचा फॉर्म मी स्वतः भरला होता, ओजू. पसंतीची तीस गावं लिहायची असतात. मी पहिलं सालेकसा लिहिलं. तक्त्यात 'एकत्र' म्हणून बसणारं ते सगळ्यात लांबचं गाव होतं."

मी ताट बाजूला सरकवलं. ती थांबली नाही.

"जळगावात माझी शाळा पाचला सुटायची. घरी यायला पंधरा मिनिटं. पाच वीसला पोचले की पाच मिनिटं कुठे गेली ते सांगायचं. कोण भेटलं, काय बोलले, ती पुढे काय म्हणाली. मारलं? कधी नाही. ओरडले? तेही नाही. हळू आवाजात विचारायचे. दोन-दोन तास, हळू आवाजात. तू आतल्या खोलीत अभ्यास करायचीस, तुला ऐकू पण जायचं नाही."

"मग सोडायचं ना त्यांना!"

"आणि काय सांगू? माझ्या बापाला, तुझ्या आत्याला, समाजाला? की नवरा मारत नाही, पीत नाही, ओरडत नाही, म्हणून सोडते? त्या कागदावर 'एकत्र' लिहिलंय तोवर कुणी मला काही विचारत नाही. तुला काय वाटलं, तो 'वरीलप्रमाणे' मला माहीत नव्हता? दर महिन्याला मी दोनदा त्या विमानात बसते. मला घड्याळ कळतं."

"तुला माहीत होतं!"

"येताना सत्त्याण्णव मिनिटं लागतात. मला ती कमी वाटतात."

हे ऐकून मला तिची दया यायला हवी होती, नाही का? मला नाही आली. मला जे आठवलं ते मी बोलले, आणि चांगलं मोठ्याने बोलले. "आणि मला? मला तिथेच ठेवून आलीस?"

"तुला विचारलं होतं मी. येतेस का म्हणून."

"मी बारा वर्षांची होते! मला वाटलं तू सुट्टीत फिरायला बोलावतेस! नीट का नाही विचारलंस? तुझं 'एकत्र' खरं वाटावं म्हणून मी त्या घरात राहायला हवी होते ना?"

आवाज ऐकून घरमालकीण रहांगडाले काकू दारात आल्या. "काऊन वं पोरी, एवढी तापली? मायसंगं असं बोलतेत का?"

"तुम्ही मध्ये पडू नका, काकू," मम्मी आणि मी एकदम म्हणालो.

मम्मीने मला अर्ज मागे घे म्हणून सांगितलं नाही. हे मी प्रामाणिकपणे लिहिते, कारण नंतर आत्याने तसा बोभाटा केला. दुसऱ्या दिवशी विमानतळावर सोडताना ती एवढंच म्हणाली, "तुझा अर्ज आहे. तू ठरव." मी तिच्याकडे न बघता आत गेले. तिच्यावर उपकार करायचा माझा जराही विचार नव्हता.

येताना सत्त्याण्णव. उतरल्यावर मी वैमानिक कॅप्टन मेश्राम मॅडमकडे नोंद मागितली. त्यांनी जाण्याची आणि येण्याची, दोन्ही एका कागदावर छापून सही केली.

"तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी मागितली," त्या म्हणाल्या. "कशाला हवीय?"

"मम्मीला घरी आणायला," मी म्हणाले. मला दुसरं उत्तर सुचलं नाही.

घरी पोचले तर पप्पा हॉलमध्ये बसले होते.

"पप्पा, तुम्हाला माहीत होतं का, मम्मीने बदली स्वतः मागितली होती?"

त्यांनी पेपरची घडी घातली. हळू आवाजात म्हणाले, "विमान चार अडतीसला उतरलं. आता सहा दहा झालेत."

 मी काही लपवत नव्हते, तरी माझ्या डोक्यात आपोआप हिशेब सुरू झाला : नोंद घ्यायला वीस मिनिटं, मग रिक्षा, मग फाटकापाशी थांबून पाणीपुरी. पाणीपुरी सांगावी का नको?

"नोंद घेत होते," मी म्हणाले.

"दीड तास?"

मी आतल्या खोलीत गेले आणि दार लावलं. तरीही, ऐका, मी अजून ठरवलं नव्हतं. पप्पा मला शाळेत सोडतात, माझ्या बक्षिसाचा फोटो त्यांच्या फोनवर आहे, मी आजारी पडले की ते रजा टाकतात. ते सगळं खोटं होतं असं मला कुणी सांगितलं तर मी त्याच्याशीही भांडेन. आणि आकडे तर खरे होते. खऱ्या आकड्यांची बाजू सोडायची कशी? मी आयुष्यात पहिल्यांदा जिंकायला शिकले होते, त्याला चारच महिने झाले होते.

बुधवारी सकाळी अकराला सुनावणी. सान्निध्य कक्षाचे अधिकारी वडनेरे साहेब टेबलामागे, समोर मी, बाजूच्या खुर्चीत पप्पा. पप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मम्मीला शाळा होती, आणि तिला बोलावलंही नव्हतं.

वडनेरे साहेबांनी अर्ज दोन बोटांत धरला. "तुझा का हा? भूगोलात किती पडतात?"

"ब्याण्णव. साहेबांना किती पडायचे?"

पप्पा खाकरले. साहेबांचे कान लाल झाले. "इथे वक्तृत्व स्पर्धा नाही चालू. जळगाव गोंदियापासून जेवढं लांब, गोंदिया जळगावपासून तेवढंच लांब. हे बालवाडीतल्या पोराला कळतं."

"अंतर तेवढंच, साहेब. वेळ नाही. वारा एकाच बाजूने वाहतो."

"वारा! उद्या म्हणशील ऊन पण आडवं आलं. आमच्याकडे चाचणी उड्डाणाची नोंद आहे. येणे, वरीलप्रमाणे."

"ते कुणी मोजलं?"

"ते लिहिलेलं आहे." ते पुढे झुकले. "या मार्गावर एकशे चौदा दांपत्यं आहेत, मुली. एकालाही काही त्रास नाही, तुलाच बरा झाला? तुझ्यासाठी मी सगळा तक्ता बदलू? पुरावा काय आहे? तोंडी सांगू नको. कागद आहे का?"

कागद होता. माझ्या मांडीवरच्या बॅगेत, गणिताच्या वहीत, सहीशिक्क्यासकट. तो टेबलावर आपटला असता तर त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला असता. खरं सांगते, माझा हात चेनवर गेला होता. अर्धी चेन उघडली होती.

तेवढ्यात पप्पांनी बॅगेचा पट्टा पकडला.

"दे बेटा, मी काढतो," ते म्हणाले. "तुला नाही जमायचं."

आवाज अगदी हळू. साहेबांना वाटलं असेल, काय प्रेमळ बाप आहे. पण पट्टा त्यांनी असा खेचला की माझ्या बोटांत चेन रुतली. मी सोडला नाही. त्यांनी पण सोडला नाही. चेहऱ्यावर हसू तसंच. "दे, बेटा. सांगतोय ना. दे."

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांना तो कागद हवा होता. मी जिंकावं असं त्यांच्या मनात कुठेच नव्हतं.

"साहेब," मी म्हणाले, आणि वक्तृत्व स्पर्धेत म्हणाले होते तितक्या मोठ्याने म्हणाले, "पुरावा नाही."

"तिच्या बॅगेत आहे," पप्पा म्हणाले.

"बॅगेत गणिताची वही आणि डबा आहे. अर्ज माझा आहे, पप्पांचा नाही. माझ्याकडे कागद नाही. मी घड्याळ चुकीचं वाचलं असेल."

वडनेरे साहेबांना जो आनंद झाला तो मी जन्मात विसरणार नाही. ते खुर्चीत मागे रेलले आणि दहा मिनिटं बोलले. घड्याळ कळत नाही आणि निघाल्या सरकारला शिकवायला. आजकालची मुलं. मोबाइल. संस्कार. शिक्षकाच्या घरात हे. मी ऐकत उभी राहिले. एकेका वाक्याला माझ्या जिभेवर एकेक उत्तर तयार होतं, सगळी गिळली. एवढी उत्तरं मी एका दमात कधी गिळली नव्हती. मग त्यांनी लिहिलं : अर्जदार पुरावा सादर करू शकली नाही, आक्षेप फेटाळण्यात येत आहे, फेरअर्ज करता येणार नाही. मी सही केली.

एकशे चौदा दांपत्यांपैकी कितीजणांना खरंच घरी यायचं होतं, मला माहीत नाही. त्यांचाही पुरावा माझ्याच बॅगेत होता. ही गोष्ट मला टोचते, आणि तिच्यावर माझ्याकडे झकास उत्तर नाही.

बाहेर व्हरांड्यात पप्पा थांबले. त्यांच्या कपाळाची शीर उडत होती, आवाज मात्र तसाच.

"का केलंस?"

"तुम्ही बॅग ओढलीत ना, तेव्हा ठरवलं."

"मी तुझ्यासाठी ओढली. तू घाबरली होतीस."

"मी नव्हते घाबरले, पप्पा. आत्ता घाबरलेय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एक क्षण वाटलं, ते विचारतील, कशाला. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण ते म्हणाले, "तिने शिकवून पाठवली तुला," आणि गाडीची किल्ली काढून जिना उतरून गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी वाट बघितली. ती फाटकातून बाहेर पडली आणि उजवीकडे वळली.

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून मम्मीला फोन लावला. तिकडे मधली सुट्टी होती, पोरांचा कालवा चालला होता.

"फेटाळला," मी म्हणाले.

आधी तिने कुणाला तरी 'हळू' म्हणून दटावलं. मग म्हणाली, "का? नोंद नाही मिळाली?"

"मिळाली. सहीशिक्क्याची."

"मग?"

"मी नाही दिली."

कालवा दूर गेला. ती बहुतेक वर्गाबाहेर आली असावी. तिचा श्वास मला ऐकू येत होता, आणि ती आता रडणार, आभार मानणार, 'माझं बाळ' म्हणणार, या कल्पनेनेच मला संताप आला.

"हे बघ, तुझ्यासाठी केलं असं समजू नको," मी म्हणाले. "अर्ज गेला. राग नाही गेलेला. तू मला ठेवून गेलीस. नीट विचारलं नाहीस. ते मी सोडणार नाही. मला खूप बोलायचंय तुला, आणि ते फोनवर मावणार नाही."

"मलाही बोलायचंय," मम्मी म्हणाली. तिचा आवाज चिडका होता. मला बरं वाटलं. "तू मला न विचारता माझ्या आयुष्यावर अर्ज भरलास. तो काही मी असाच सोडणार नाही. या शनिवारी मी येत नाही. तू ये. समोरासमोर भांडू."

"विचार करते," मी म्हणाले.

आणि तिने फोन ठेवायच्या आत म्हणाले, "येते."